ज्याचा दगड त्याने ठेवायचा

हे रात्री घडलेलं नाही.

आधीच सांगते, कारण असली गोष्ट सांगायला घेतली की लोक पहिलं विचारतात, अमावस्या होती का? नव्हती. ऊन होतं. याच वर्षीचा जानेवारी, महिना संपत आलेला, दुपारची जेवणं होऊन गेलेली. महाड तालुका. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथे. वाडीचं नाव लिहिणार नाही. कुणी शोधायला जाऊ नये म्हणून.

खरं आहे हे पटवायला माझ्याकडे काही नाही. माझा मावसभाऊ विनीत जिवंत आहे, एवढंच.

आणि काल आलेला एक फोन.

तो शेवटी सांगते. आधी सांगितला तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही.

०

मी समीक्षा. महाडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या एनएसएसचं हिवाळी शिबिर त्या वाडीत होतं. मुक्काम बंद पडलेल्या शाळेत. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी खेळ, गाणी, नकला.

विनीत पहिल्या वर्षाला. मावशी त्याला सोडायला तयार नव्हती. "तू आहेस म्हणून पाठवते," म्हणाली. "जसा नेलास तसा आण."

वाडी म्हणजे एक परात समजा. चारी बाजूंनी डोंगराची कड. एकाच जागी ती कड दबलेली आहे, ती खिंड. आत यायची वाट तिथूनच. बाहेर जायचीही.

घरं बरीच, माणसं थोडी. बाकी दारांना कुलपं. सगळे मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला येतात.

खिंडीत दगडांचा ढीग होता. छातीएवढा. पहिल्या दिवशी सामान घेऊन चढताना विनीतने विचारलं, "दीपकदादा, हे काय? टोलनाका?"

दीपक वाडीतलाच. नवी मुंबईत टेम्पो चालवतो, अधूनमधून इकडे असतो. शिबिराची सगळी धावपळ त्याच्याकडे होती.

"टोलच समज," तो हसला. "आमच्यातला कोण पण बाहेर निघाला की हितं एक दगड ठेवतो. परत आला की उचलून उतारावर टाकतो. म्हंजे गावाला कळतं, आला म्हणून."

"आणि हे एवढे?"

"हे गेले ते... नाय आले."

"मेले?"

"कुणाला म्हाईत रे. मुंबई हाय ती. कोण मेलं, कोण विसरलं."

"आम्ही पण ठेवायचा का?" मी विचारलं.

"पावण्यांना नाय लागत."

असं तो म्हणाला होता.

०

ओढ्यावर बांध घालायचा होता. शेवटच्या दिवशी पाहुणे येणार, बांधासमोर फोटो काढायचा. पण दगड कमी पडले. ओढ्यातले संपले, शेताच्या कडेचे लोक देईनात.

खिंडीत ढीग होता.

सुनील सर, आमचे कार्यक्रम अधिकारी, त्यांनी दीपकला रीतसर विचारलं. दीपक मोबाईल बघत म्हणाला, "घ्या की सर. दगडच हायत. गावाच्याच पाण्याला लागतील."

कुणालाच काही वाटलं नाही. खरंच नाही.

खिंडीपासून ओढ्यापर्यंत आम्ही साखळी केली. हातातून हातात दगड. अंताक्षरी चाललेली. आणि विनीत मध्येच उभा राहून एसटी स्टँडवरची घोषणा करत होता, नाक दाबून.

"मुंबईहून येणारी गाडी फलाटाला लागत आहे... प्रवाशांनी आपापल्या घरी जावं... चला मावशी, आत सरका, आत जागा आहे..."

प्रत्येक दगडाला एक घोषणा. पोट धरून हसलो आम्ही.

साळूबाई बांधावर बसली होती. पिकलेली म्हातारी, वाडीत एकटी राहते. ती हसत नव्हती. एका दगडापाशी वाकली. चपटा होता, एका बाजूने काळा. त्यावरून तिने हात फिरवला, पदराने पुसला आणि तो आपल्या हाताने बांधात बसवला.

"आलास रं?" म्हणाली.

मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी आलंय.

मी वळून पाहिलं...

कुणी नव्हतं.

०

दुसऱ्या दिवशी, शिबिराला सरांसोबत आलेल्या मॅडम सगळ्या मुलांना घेऊन सकाळीच खालच्या गावात गेल्या. पथनाट्य होतं. आम्ही चौघे मागे राहिलो. मी, विनीत, सर आणि दीपक. बांधाचा शेवटचा थर बाकी होता.

ढिगाच्या तळाशी राहिलेले दगड आम्ही जेवणाआधी घमेल्यांतून आणले. खिंड झाडल्यासारखी स्वच्छ झाली.

जेवणानंतर विनीतने शेवटचं घमेलं उपडं केलं आणि ओरडला.

लाल विंचू. बोटाला.

"काही नाही, काही नाही," म्हणत तो खाली बसला. कपाळावर घाम आला, तरी तोंड चालूच. "तायडे, आपलं ब्रीदवाक्य 'मी नव्हे, तुम्ही' ना? त्या विंचवाला कुणीतरी शिकवा."

सर हसले नाहीत. या भागात लाल विंचू म्हणजे काय ते लहान मुलालाही माहीत आहे. वेळेत महाड गाठलं तर माणूस वाचतो. उशीर झाला तर छातीत पाणी होतं.

सरांनी गाडीसाठी मॅडमना मेसेज टाकला. दीपकने घोंगडी आणली. बांबूला बांधून झोळी केली. पुढे दीपक, मागे सर. मी बाजूने, विनीतचा हात धरून. हात थंड होता. भर उन्हात.

खिंड चढायची, पलीकडे उतरायचं, खाली गाडी. एवढंच होतं.

०

चढ. करवंदीच्या जाळ्या. ऐनाचं वाकडं झाड. खिंड. खिंडीत वारा. मग उतार.

खालच्या गावातल्या देवळाचा पत्रा दिसायला हवा होता.

शाळा दिसली.

आमची शाळा. झेंड्याचा खांब, पुढे दोरी, दोरीवर माझी सकाळी वाळत घातलेली पिवळी ओढणी.

"फिरलो आपण कुठेतरी," सर म्हणाले.

"कुठं फिरणार सर? एकच वाट हाय."

"मग?"

दीपकने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.

परत फिरताना मी वाडीकडे पाहिलं. साळूबाईच्या शेजारचं घर, कित्येक वर्षांचं कुलूप... कुलूप तसंच होतं.

ओटा मात्र नुकताच सारवलेला. अजून ओला.

०

चढ. करवंदीच्या जाळ्या. वाकडा ऐन. खिंड. खिंडीत वारा नाही.

खिंडीत रेंज चांगली येते. मी मॅडमना फोन लावला. लगेच उचलला.

"समीक्षा, कुठे आहात तुम्ही? सरांचा मेसेज बघून धावत वर आले. गाडी खाली उभी आहे. चला ना लवकर!"

"मॅडम, आम्ही खिंडीत आहोत."

"...मीही खिंडीत आहे."

मी चहूकडे पाहिलं. उघडा कातळ. झाडलेली माती.

"मॅडम, तुमची शिट्टी वाजवा."

फोनमध्ये शिट्टी वाजली. कानाला झोंबेल एवढी मोठी. मी फोन कानापासून दूर धरला...

हवेत काहीच नव्हतं. पक्षीसुद्धा नाही.

"ऐकू आली?" मॅडम विचारत होत्या. "समीक्षा, मी जिथे ढीग होता त्या जागेवर उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

मी त्याच जागेवर उभी होते.

विनीतने खोकायला सुरुवात केली.

मग उतार.

शाळा. ओढणी.

आता कुलपाच्या घरांतून आवाज येत होता. थप्... थप्... थप्...

भाकरी थापल्याचा.

एका घरातून नाही. सगळ्या घरांतून.

०

चढ. जाळ्या. ऐन. खिंड.

मी धावत पुढे गेले. डोळे मिटून उतरले. वाटलं, बघितलंच नाही तर...

पायाला शाळेची पायरी लागली.

ऊन पिवळं पडलं होतं. कुलपं तशीच, पण प्रत्येक ओट्याखाली चपला होत्या. बाप्यांच्या, बायकांच्या, काही लहान. काहींचे तळ झिजून भोक पडलेलं. सगळ्यांची तोंडं घराकडे.

विनीतच्या ओठांवर फेस आला होता. तो आता विनोद करत नव्हता. माझ्याकडे बघत होता फक्त. मला मावशीचा आवाज ऐकू येत होता. जसा नेलास तसा आण. जसा नेलास.

"दीपक!" सर ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "काय करायचं ते सांग! हा मुलगा जाईल!"

दीपक खाली बसला होता. डोकं धरून.

"मला काय म्हाईत सर! आजा ठेवायचा म्हणून बाप ठेवायचा, बाप ठेवायचा म्हणून मी ठेवतो. कुणी कधी इचारलंय का, का ठेवायचा? पण... दगड ठेवल्याबिगर कोण गेलेला मी बगितला नाय. आन् आता तर हितं ढीगच नाय. कुणी भाईर गेलंय असं दिसतच नाय. सगळी घरात."

"आम्ही पाहुणे ना?" मी विचारलं.

"तवा होता पावणे. आता काय म्हाईत?"

सरांनी बांबूचं आपलं टोक पुन्हा खांद्यावर घेतलं. फिजिक्स शिकवतात ते.

"चल," म्हणाले. "बांधाकडे चल."

०

बांधावर साळूबाई उभी होती. नवं लुगडं नेसलेली.

आम्ही वरच्या थरातले दगड काढायला लागलो.

"नको गो," ती माझा हात धरून म्हणाली. "नको काढू. आता कुठं आलीत सगळी."

"आजी, माझा भाऊ मरतोय."

"मरत नाय. हितं कोण मरत नाय. र्‍हाव दे त्याला." ती लाडाने बोलत होती, दुपारी झोपायचा आग्रह करावा तसं. "तू पण र्‍हा. माझा चांगू बग, मिसरूड फुटायच्या आधी गेला मंबईला, हाटेलात. एक पत्र नाय, एक सांगावा नाय. आज आला. चूल पेटवून बसलाय. थकलाय पोर."

तिने घराकडे बोट केलं.

दाराला बाहेरून कडी होती.

आत कुणीतरी खाकरलं. तरुण माणसाचं खाकरणं.

मी हात सोडवून घेतला. हाताला येईल तो दगड उचलला. आणि दुसरा, विनीतसाठी.

"त्यो काळा नको!" ती किंचाळली.

काळा नव्हता घेतला मी. शपथेवर सांगते, काळ्याला हात लावला नाही.

०

चढ.

जाळ्या.

एक दगड माझ्या डाव्या हातात, एक दोरीवरून ओढून घेतलेल्या पिवळ्या ओढणीत गुंडाळलेला. पुढे-मागे दीपक आणि सर, खांद्यावर बांबू, खिशात दगड.

ऐन.

मागून वाडीतून बोलण्याचा आवाज येत होता. जेवताना घरात चालतं तसं. ताट सरकवल्याचा. मुलाला दटावल्याचा. कुणीतरी नाक दाबून म्हणालं, "चला मावशी, आत सरका..." आणि बरेच जण हसले.

विनीत झोळीत होता. त्याची दातखीळ बसली होती.

खिंड.

झोळी टेकवली. दीपकने आपला दगड ठेवला, हात जोडले. सरांनी ठेवला. "बरं बाबा," म्हणाले, कुणाला ते माहीत नाही.

मी ओढणीतला दगड काढून विनीतच्या हातात दिला.

गळला.

पुन्हा दिला. बोटं मिटवली, वरून माझा हात दाबून धरला. तो आचका देऊन खोकला, हात झटकला गेला, आणि दगड कातळावरून उडून दरीत गेला. खूप खालपर्यंत आपटत गेला.

"दुसरा आणू?"

दीपकने खाली पाहिलं. ऊन कडेवर टेकलं होतं. "ताई, ह्याला येळ नाय."

विनीतचे ओठ निळे होते.

"त्याच्या नावाने मी ठेवला तर?"

"ज्याचा त्यानं ठेवायचा असतो..." तो अडखळला. "असं म्हणतात. मला नाय म्हाईत, ताई. काय सांगू? मला खरंच नाय म्हाईत."

माझ्या डाव्या हातात एक दगड होता.

माझा.

मी विनीतचा तळवा त्यावर टेकवला, आणि तो दगड सरांच्या दगडाशेजारी ठेवला. मोठ्याने म्हणाले, "हा विनीतचा."

त्याच क्षणी शिट्टी ऐकू आली.

हवेतून. खरी. मॅडम हातभर अंतरावर उभ्या होत्या, तोंडात शिट्टी, डोळे रडून सुजलेले. "किती वेळ वाजवतेय मी!" म्हणाल्या आणि झोळीला हात लावला.

झोळी पुढे गेली. मी मागे.

ढीग नसलेल्या जागेवरून मी पाऊल टाकलं तेव्हा कुणीतरी माझी ओढणी ओढल्यासारखं वाटलं. करवंदीत अडकली असेल. मी मागे न बघता हिसका दिला. खाली देवळाचा पत्रा दिसला. पाठोपाठ गाडी, पाठोपाठ महाड, डॉक्टर, सलाईन.

"अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले.

विनीत वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने नर्सला विचारलं, "सिस्टर, विंचवाचं रक्त चढवलं का? शेपूट वळवळतेय."

मावशीने मला जवळ घेतलं. खूप वेळ घट्ट धरून ठेवलं. मग लांब करून माझ्याकडे पाहिलं.

"किती हलकी झालीस गं," म्हणाली.

०

बाकीचं सामान दुसऱ्या दिवशी दीपकने खाली आणून दिलं. पाहुणे आलेच नाहीत, फोटो मात्र निघाला. बांध अजून उभा आहे. पाणी धरलंय म्हणे चांगलं.

सर या विषयावर बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "आपण सगळे घाबरलो होतो, समीक्षा. घाबरलेल्या माणसाला वाट सापडत नाही."

मीही तेच मानलं. मला मानायचंच होतं.

फक्त संध्याकाळ झाली की माझ्या पोटऱ्या भरून येतात. चढ चढून आल्यासारख्या. मी दिवसभर प्रॅक्टिकलला उभी असते, म्हणून असेल.

घरात चुलीचा वास येतो. आमच्याकडे गॅस आहे.

काल दीपकचा फोन आला.

"ताई, कशा हाव? विनीत बरा?"

"बरा आहे. उड्या मारतोय."

"आन् तुमी... घरीच हाव ना? म्हाडला?"

"हो. का रे?"

मागे वाडीचा आवाज होता. कोंबड्या, कुणीतरी भांडी घासत होतं.

"दीपक?"

"ताई, रागवू नका. पण तुमी शिबिरानंतर परत हितं आला नाय ना?"

"नाही."

"मग हिकडं... एक पोर हाय, ताई. म्हातारीच्या घरात. त्या दिवसापासनं हाय. बोलत नाय. रोज तिनीसांजेला खिंडीपर्यंत चढते, थांबते, आन् परत येते. मी दगड दिला तिच्या हातात. दोनदा दिला. हातात र्‍हात नाय, गळतो."

"कशी दिसते?"

"पिवळी ओढणी हाय," तो म्हणाला.

माझी पिवळी ओढणी माझ्या कपाटात आहे. फोन चालू असतानाच मी उठून पाहिलं. आहे. एका टोकाला फाटलीय.

"खिंडीत आपले चौघांचे... म्हंजे तीनच दगड होते," दीपक म्हणाला. "मी परत आलो तवा माझा उचलला. आता दोन. तुमचा नाय त्यात. मी म्हटला, विनीतचा काढून तिच्या नावानं ठेवावा का..."

"नाही!"

"नाय ना. मी पण तेच म्हटला."

भांडी घासण्याचा आवाज थांबला. फोनमध्ये पावलं आली. हळू, ओल्या पायांची. दीपक कुणाला तरी म्हणाला, "कोण नाय, कोण नाय, तू जा आत."

मग कुजबुजत, घाईघाईने...

"ताई, म्हातारीनं तिला हिरव्या बांगड्या भरल्यात. शिमग्याला सगळी घरी असतात, तवा लगीन लावायचं म्हणते. चांगूचं."

मी ओढणी कपाटात आत सारली.

"म्हातारी रोज मला इचारते, ताई. आज पण इचारलान, म्हणून फोन केला. काय सांगू तिला?"

"काय विचारते?"

"पोरीकडनं कोण येणार हाय का?"

शिमगा पुढच्या आठवड्यात आहे.

मी अजून त्याला काही कळवलेलं नाही.